रॉक स्टाइलचे कपडे घालायचेत? काय घ्यायचं, काय स्वतः करायचं आणि कुठे फसायचं नाही

मी पहिल्यांदा "रॉक लुक" करून एका गिगला (म्हणजे बँडच्या लाइव्ह शोला) गेले तेव्हा अंगावर काय नव्हतं ते विचारा. काळं जॅकेट, स्टडचा (धातूच्या टिकल्या-खिळ्यांचा) बेल्ट, कमरेला साखळी, बँडचा टीशर्ट, जाडजूड बूट, दोन्ही मनगटांवर पट्टे आणि डोळ्यांभोवती इतकं आयलायनर की जणू दौत सांडलीय. दारावरच्या माणसाने अगदी आदराने विचारलं, "तुमचा बँड किती वाजता आहे?" म्हटलं, मी बघायला आलेय. तो काही बोलला नाही, पण हसू दाबताना दिसला. आत गेले तर स्टेजवरचा गिटारिस्ट साधी जीन्स आणि विटका टीशर्ट घालून उभा, आणि तरी सगळ्या हॉलमध्ये रॉकवाला तोच वाटत होता, मी नाही.

वर ते जॅकेट सहा महिन्यांत कोपरापाशी सोलवटायला लागलं. मग हळूहळू वाचत, विचारत, चुकत शिकले, आणि तुमचे पैसे तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय. मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्यातरी कारणाने आलीय. कुणाला थंडी वाजत होती, कुणाकडे पैसे नव्हते, कुणी मोटरसायकल चालवत होतं, कुणाला शेवटच्या रांगेतून दिसायचं होतं. ते कारण माहीत असलं की काय घ्यायचं आणि काय दुकानातच सोडून यायचं ते पटकन कळतं.

१. आधी बघा की तुम्ही ऐकता काय

"रॉक लुक" असा एक नसतोच. दुकानात त्या नावाने जे विकतात ती पंक, ग्लॅम, मेटल, गॉथ, ग्रंज अशा रॉक संगीताच्या पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारांची भेळ असते.

पंकचं बघा. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल नावाचा गायक फाटके टीशर्ट आणि सेफ्टी पिना घालून फिरायचा, ते लंडनच्या माल्कम मॅक्लॅरनने पाहिलं आणि डोक्यात घेऊन लंडनला परत गेला. तिथे किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान तो आणि डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड चालवायचे, १९७४ मध्ये त्याचं नाव त्यांनी 'सेक्स' ठेवलं, आणि त्याच दुकानाच्या अवतीभवती १९७५ मध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड उभा राहिला. म्हणजे इथे बँड आणि कपडे एकाच घरात वाढलेत, कोणी कोणाची नक्कल केली हे विचारण्यात अर्थ नाही.

ग्लॅमचं कारण वेगळं, तिथे चमकायचंच होतं. १९७१ मध्ये गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला, पुढच्या वर्षी गायक डेव्हिड बोवी झिगी स्टारडस्ट या काल्पनिक पात्राच्या रूपात आला आणि त्याचे काही गाजलेले पोशाख कान्साई यामामोतो या जपानी डिझायनरचे होते. मेटलमध्ये जुडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याने १९७० च्या दशकाच्या शेवटी लेदर आणि स्टड अंगावर चढवले, कारण गाणं इतकं जड आणि कपडे मात्र साधे हे त्याला पटेना. गॉथ म्हणजे काळं, लेस, जाळी, फिकट चेहरा. गायिका सूझी सू आणि द क्युअर या बँडचा रॉबर्ट स्मिथ यांचे जुने फोटो काढून बघा, बाकी काही सांगायची गरज नाही.

आणि ग्रंज, माझं लाडकं. हा प्रकार अमेरिकेतल्या सिएटलचा, तिथली हवा थंड आणि पावसाळी, फ्लॅनेलचे (मऊ, उबदार कापडाचे) चौकड्यांचे शर्ट तिथे लाकूडतोडे घालायचे, जुन्या कपड्यांच्या दुकानात ते स्वस्त मिळायचे, विषय संपला. निर्व्हाना बँडचा गायक कर्ट कोबेन एकावर एक कपडे चढवायचा कारण आपण फार बारीक दिसतो हे त्याला खटकायचं. मग १९९१ मध्ये हा बँड घराघरात पोचला आणि १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी ग्रंजचं कलेक्शन रॅम्पवर आणलं, त्यात फ्लॅनेलसारखा चौकडा चक्क रेशमावर छापलेला होता. त्यानंतर त्याची तिथली नोकरी गेली. त्यातले कपडे त्याने कोबेन आणि त्याची बायको, गायिका कोर्टनी लव्ह, यांनाही पाठवले होते, आणि लव्हने बऱ्याच वर्षांनी सांगितलं की आम्ही ते जाळून टाकले. स्वस्त म्हणून घातलेली गोष्ट महाग करून त्यांनाच परत दिली तर अजून काय होणार.

तर तुमचं काम एवढंच: गेल्या महिन्याभरात खरंच ऐकलेले दहा बँड कागदावर लिहा आणि त्यांचे फोटो शोधा. अल्बमच्या कव्हरवरचे नकोत, तालमीतले, बॅकस्टेजचे, प्रवासातले शोधा. कव्हरच्या फोटोत सगळं सजवलेलं असतं, बाकीच्या फोटोंत माणसं रोज काय घालायची ते दिसतं. त्यात परत परत दिसणाऱ्या तीन वस्तू लिहून घ्या, ती तुमची यादी.

एक सावधगिरी इथेच सांगते. सुरुवातीच्या काही पंकवाल्यांनी लोकांना धक्का द्यायचा म्हणून नाझी चिन्हं वापरली होती. जुना फोटो बघून तसलं काही उचलू नका, त्याला बंडखोरी कोणी म्हणत नाही.

२. कपाट उपसा, मग सामान जमवा

खरेदीच्या आधी घरातलं बघा. जुनी जीन्स, डेनिमचं जॅकेट, वडिलांचा किंवा भावाचा सैल शर्ट, साधा पांढरा शर्ट, काळा टीशर्ट, यातलं काहीतरी निघतंच. नवं कोरं असेल तर उलट त्याला विटवायलाच वर्ष जातं.

हाताने काम करायचं असेल तर एवढं लागेल:

- जाड सुया आणि जाड पॉलिस्टरचा दोरा (बरेच मेटलवाले डेंटल फ्लॉसने शिवतात, तो खरंच तुटत नाही)
- अंगुस्तान, नाहीतर बोटाची चाळण होते
- दाभण आणि छोटी पक्कड
- धारदार कात्री, चिमटा, सँडपेपर
- खडू किंवा धुतल्यावर जाणारं मार्किंग पेन
- भरपूर सेफ्टी पिना
- पारदर्शक नेलपॉलिश (का ते पुढे सांगते)
- लेदर कंडिशनर आणि मऊ सुती फडकं

३. लेदर जॅकेट: सगळ्यात जास्त फसवणूक इथे

तिरक्या चेनचं जे जॅकेट आपल्या डोळ्यासमोर येतं ते १९२८ चं आहे. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉटने ते मोटरसायकलवाल्यांसाठी बनवलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, परफेक्टो. चेन तिरकी अशासाठी की पुढे वाकून बसलं तरी ती पोटात रुतत नाही आणि छातीवर दुहेरी पदर येऊन वारा अडतो. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडो एका सिनेमात अशाच जॅकेटमध्ये बायकर टोळीचा म्होरक्या झाला आणि ते गुंडगिरीचं चिन्ह बनलं. १९७४ मध्ये रमोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड आला आणि चौघांनी तेच जॅकेट, फाटकी जीन्स आणि कॅनव्हासचे बूट हा जणू युनिफॉर्मच केला.

म्हणजे हे मुळात कामाचं जॅकेट आहे, त्यामुळे बघायचं ते तसंच बघा:

खांदा. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. चामडं कोपरात आणि पाठीत वापरून सैलावतं, खांद्यात नाही. "होईल हो सैल" असं दुकानदार म्हणाला तर खांद्याच्या बाबतीत ऐकू नका.

हात. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. बाही मनगटापर्यंत राहिली पाहिजे आणि काखेत ओढ बसता कामा नये. चेन पूर्ण लावून श्वास घ्या, नुसतं उघडं घालून आरशात बघू नका, उघडं सगळ्यांनाच छान दिसतं.

माल. ही माझी चूक. लेबलवर "जेन्युइन लेदर" लिहिलेलं बघून मी खूश, पण त्याचा अर्थ फक्त चामडं आहे एवढाच, ते चांगलं आहे असा नाही. "बाँडेड लेदर" म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा, आणि "पीयू" म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर, तो आज ना उद्या सोलतो. "फुल ग्रेन" किंवा "टॉप ग्रेन" असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. ओळखायचं कसं, तर खिशाच्या आतली किंवा कॉलरखालची कापलेली कड बघा, खऱ्या चामड्याची कड तंतूंसारखी खरबरीत दिसते, प्लास्टिकची गुळगुळीत आणि खाली कापड. वरची छिद्रं सगळीकडे एकसारखी असतील तर ती साच्याने उमटवलीत. मेंढीचं चामडं मऊ असतं आणि पहिल्या दिवसापासून अंगावर बसतं पण फाटतं लवकर, गाईचं जड आणि ताठ, महिनाभर त्रास देतं आणि मग सोडवत नाही.

चामडं वापरायचंच नसेल तर सरळ डेनिम किंवा मेण लावलेल्या कॅनव्हासचं जॅकेट घ्या, दोन्ही जुनं झालं की अजून छान दिसतं. नकली चामडं जुनं झालं की फक्त नकली दिसतं.

बायकांसाठी एक तक्रार: लेडीज कटच्या कित्येक जॅकेटना खिसे खोटे असतात. नुसती चेन शिवलेली, आत काहीच नाही! मी आता पुरुषांचं लहान मापाचं घेते, खांदे बसले की झालं.

निगा फार नाही. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका (बुरशी येते), भिजलं तर पुसून सावलीत वाळवा, हीटर किंवा ऊन नको, आणि वर्षातून दोनदा कंडिशनर.

४. बँडचा टीशर्ट

टीशर्ट म्हणजे बँडचं फिरतं पोस्टर, त्यामुळे डिझाइनला महत्त्व. रोलिंग स्टोन्स या बँडचं चिन्ह असलेली ती बाहेर काढलेली जीभ जॉन पॅश नावाच्या कलेच्या विद्यार्थ्याने १९७० मध्ये काढली, त्याला तेव्हा ५० पौंड मिळाले. जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमवरच्या त्या पांढऱ्या डोंगरांसारख्या रेघा म्हणजे पल्सार ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ लहरींचा आलेख आहे, हे तो टीशर्ट दोन वर्षं घातल्यावर मला कळलं, तेही दुसऱ्याने सांगितल्यावर. तोंडावर पडले, काय बोलणार.

तीन गाणी सांग बघू असं विचारणारे लोक भेटतात. त्यांना घाबरू नका, पण जो बँड अंगावर घालताय त्याचा एक अल्बम तरी पूर्ण ऐका, मनाने निवांत राहता.

घ्यायचा असेल तर शक्यतो गिगच्या टेबलावरून घ्या, छोट्या बँडला त्या पैशाचा खरा आधार असतो. मधली मापं आधी संपतात म्हणून शो सुरू होण्याआधीच घेऊन टाका. "जुना, ओरिजिनल" म्हणून महाग विकत असतील तर एक पाहा: प्रिंटखाली छापलेलं साल हे बऱ्याचदा अल्बमचं किंवा टूरचं असतं, टीशर्ट त्या साली बनला असं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच टीशर्टांच्या बाहीच्या कडेला एकच टाक्याची ओळ असायची, नंतर दोन आल्या. पण आता नक्कल करणारेही एकच ओळ मारतात, तेव्हा लेबल, कापड, प्रिंटच्या भेगा सगळं मिळून बघा.

धुताना उलटा करून गार पाण्यात, आणि प्रिंटवर इस्त्री कधीच नाही.

५. जीन्स फाडायची तर पद्धतीने

डेनिममध्ये उभा ताणा निळा असतो आणि आडवा बाणा पांढरा. ती जी पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसते ती निळे उभे धागे काढून टाकल्यावर उरते. बस, एवढं समजलं की अर्धं काम झालं.

जीन्स घालून उभे राहा, गुडघ्याच्या थोडं वर खडूने खूण करा (खाली केली तर भोक नडगीवर जातं), मग काढून आत पुठ्ठा घाला म्हणजे मागची बाजू कापली जाणार नाही. खुणेवर दोन आडवे चर कापा, दोन बोटांचं अंतर ठेवून, आणि चिमट्याने मधले निळे धागे एकेक करून ओढून काढा. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून बसा. कडा सँडपेपरने घासा. भोक हवं त्याच्यापेक्षा लहान ठेवा कारण पहिल्या धुण्यात ते वाढतंच. माझी एक जीन्स अशीच गुडघ्यापासून मांडीपर्यंत गेली आणि शेवटी हाफ पँट झाली.

स्ट्रेच जीन्सवर हा प्रयोग करू नका, त्यातले रबरी धागे गुंडाळतात आणि भोक भोकासारखंच दिसतं.

६. पॅच आणि स्टड

बिनबाह्यांच्या डेनिम जॅकेटवर पॅच लावायची पद्धत बायकर लोकांकडून मेटलमध्ये आली. पाठीवरचा मोठा पॅच आधी ठरवा, बाकीचे त्याच्या भोवती. सगळे पिनांनी टाचून दोन दिवस घरात घालून फिरा, मग शिवा. इस्त्रीने चिकटणारे पॅचही वरून शिवाच, काही धुण्यांत गोंद सुटतो. आणि शिवताना खिशात हात घालून तपासत राहा. मी पहिल्या दिवशी चार तास बसून अतिशय सुबक टाके घातले आणि खिसा कायमचा बंद करून टाकला.

एक गंभीर गोष्ट. पाठीवर वर कमानीत नाव, मध्ये चिन्ह आणि खाली कमानीत प्रदेशाचं नाव अशी तीन तुकड्यांची मांडणी मोटरसायकल क्लबच्या सदस्यांची असते, आणि "१%" लिहिलेला, पत्त्यातल्या चौकटसारख्या आकाराचा पॅचसुद्धा. दिसायला कितीही आवडलं तरी तसं करू नका, काही ठिकाणी त्यावरून खरोखर भांडण होतं.

स्टड दोन प्रकारचे, पायांचे आणि स्क्रूचे. पायांचे दाभणाने भोक पाडून आत घालायचे आणि पक्कडीने पाय आतल्या बाजूला दुमडायचे. स्क्रूचे आपोआप सैल होऊन रस्त्यात पडतात, त्यावर उपाय म्हणजे आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून आवळायचं. पाठीच्या खालच्या भागात आणि बॅगेचा पट्टा येतो तिथे स्टड नकोत, बॅगही फाटते आणि खुर्चीवाला पण चिडतो.

७. बूट

आठ भोकांचे ते जाड सोलचे डॉक मार्टेन्स १ एप्रिल १९६० ला बाजारात आले म्हणून मॉडेलचं नाव १४६०. ते पोस्टमन आणि कारखान्यातल्या कामगारांचे बूट होते, द हू या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड याने ते घालून स्टेजवर उड्या मारल्या आणि मग सगळ्यांनीच घेतले.

नवे बूट चावतात, याला इलाज फक्त वेळ. जाड मोजे घालून घरातल्या घरात रोज अर्धा-पाऊण तास, दोन-तीन आठवडे. टाचेपाशी आधीच चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नाही. लेस बुटाबरोबर आलेलीच राहू द्या, कारण काही देशांत लाल आणि पांढऱ्या लेसचा अर्थ वंशद्वेषी टोळीची खूण असा घेतला गेलाय.

बूट नकोतच तर साधे कॅनव्हासचे. रमोन्सना चालले.

८. मेकअप आणि बाकीचं

आयलायनर मुलगा-मुलगी कुणीही लावावं, बोवी आणि बोलनने तो प्रश्न कधीच निकालात काढलाय. पेन्सिलने लावा आणि बोटाने फिस्कटा, लिक्विडने रेखीव करत बसू नका, दोन तासांच्या घामात ते कसंही फिस्कटणारच आहे. अंगठ्या एक-दोन पुरे. गिटार वाजवत असाल तर मोठ्या बक्कलचा बेल्ट बाजूला सरकवून घाला, गिटारच्या पाठीवर जे ओरखडे पडतात ते परत जात नाहीत.

९. सगळं एकत्र कसं घालायचं

एका वेळी एकच गोष्ट ओरडू द्या. जॅकेट भारी असेल तर खाली साधा टीशर्ट, जीन्स फाटकी असेल तर वर स्वच्छ शर्ट. एसी/डीसी या बँडचा गिटारिस्ट अँगस यंग बघा, एक शाळेचा युनिफॉर्म, त्याच्यावर त्याने पन्नास वर्षं काढली. गायिका पॅटी स्मिथचा १९७५ च्या पहिल्या अल्बमवरचा फोटो बघा, रॉबर्ट मेपलथॉर्पने काढलेला, त्यात पांढरा शर्ट आणि खांद्यावर टाकलेला काळा कोट आहे, चामडं नाही, स्टड नाही, साखळी नाही. मी तो फोटो पहिल्या गिगच्या आधी पाहिला असता तर बरंच काही वाचलं असतं.

ऑफिसमध्येही चालतं यातलं बरंच. काळी जीन्स, पॉलिश केलेले बूट, साधा शर्ट, कोणी काही म्हणत नाही आणि आपल्याला माहीत असतं.

१०. पहिल्या गिगला जाताना

टोकदार स्टड घरी ठेवा, गर्दीत शेजारच्याच्या दंडात घुसतात आणि काही ठिकाणी दारावरच काढून घेतात. साखळीचंही तेच. फोन आणि पैसे आतल्या चेनच्या खिशात. जॅकेट आत गेल्यावर दहा मिनिटांत नकोसं होतं, तेव्हा सामान ठेवायची सोय आहे का ते आधी विचारा, नाहीतर पूर्ण शो कमरेला बांधून उभं राहावं लागतं आणि चामड्याचं जॅकेट कमरेला बांधता येत नाही, मी प्रयत्न केलाय. नवे बूट त्या दिवशी अजिबात नकोत.